पिवळा रंग कोणाचा

मागच्या वर्षी चवथीच्या तोंडावर आमच्या प्रयोगशाळेने मागवलेली एक बाटली मुंबईहून निघाली आणि ती फोंड्याला आमच्या हाती पडेपर्यंत घरोघरचे दीड दिवसाचे गणपती पाण्यात गेले होते. चवथीला गोव्यात व्यवहार किती ठप्प होतात, हे बाहेरून फोन करणाऱ्या माणसाला सांगून पटत नाही. कुरिअरचा माणूस फाटकाचे कुलूप पाहून परत गेला असावा, आणि थर्माकोलचा तो डबा त्यानंतर चार दिवस कुठल्याशा गोदामात पडून राहिला. आम्ही तो उघडला तेव्हा आतल्या बर्फाच्या पाकिटांच्या कोमट पाण्याच्या पिशव्या झाल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध करंगळीच्या पेराएवढी बाटली होती. प्रयोगशाळेतल्या काकांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, ''बाई, ह्यात काहीच नाही.''

त्यात ५० मायक्रोग्रॅम प्रथिन होते. मिठाचा एक बारीक दाणा साधारण तेवढ्याच वजनाचा असतो, आणि तो दाणा बाटलीच्या तळाशी पापुद्र्यासारखा पसरून वाळवला तर डोळ्यांना काही दिसत नाही, त्यामुळे काकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. अशी बाटली उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवून घ्यावी लागते, कारण प्रवासात हादरे बसून वाळलेले प्रथिन झाकणाला चिकटलेले असते. ते पथ्य न पाळता कोणी घाईने झाकण फिरवले तर महिनाभर कागदपत्रे हलवून मिळवलेला माल हवेत जातो. आम्ही ती फिरवली, बफर (आम्लता स्थिर राखणारे द्रावण) घालून विरघळवली आणि लहान लहान वाट्यांत विभागून गोठवली. मनात मात्र एकच भीती होती, की भाद्रपदातल्या दमट उकाड्यात चार दिवस काढलेले हे प्रथिन आता कामाचे उरले असेल का. पुढे घडले ते उलटेच. जिच्याबद्दल आम्हाला शंका होती त्या बाटलीने आम्हाला फसवले नाही, आणि ज्या नळ्या आम्ही स्वतःच्या हातांनी भरल्या होत्या त्यांनी मात्र आठवडाभर आमची दिशाभूल केली. ही हकीकत त्या आठवड्याची आहे.

बाटलीवरचे नाव होते रिकॉम्बिनंट मानवी कार्बॉनिक अनहायड्रेज दोन. घरी मी ते उच्चारले तेव्हा सासूबाईंना त्यातला 'मानवी' हा एकच शब्द ओळखीचा वाटला आणि त्यांनी लगेच विचारले, ''म्हणजे कोणाच्या रक्तातून काढलेलं गो?'' प्रश्न रास्त होता, कारण एके काळी अशी प्रथिने खरोखरच रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या रक्तातून किंवा खाटीकखान्यातून आणलेल्या रक्तातून वेगळी करत असत. रिकॉम्बिनंट प्रथिन तसे काढत नाहीत. माणसाच्या आठव्या गुणसूत्रावर ह्या प्रथिनाचा जो जनुक आहे त्याचा मजकूर प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळात जोडतात आणि ते वर्तुळ ई. कोलाय ह्या जिवाणूत सोडतात. जनुकांची लिपी माणसाची आणि जिवाणूची एकच असल्यामुळे जिवाणू तो मजकूर आपलाच समजून वाचतो आणि त्याप्रमाणे प्रथिन घडवत राहतो. १९८२ साली अमेरिकेत परवानगी मिळालेले मानवी इन्सुलिन ह्याच मार्गाने आले. थोडक्यात, आमच्या बाटलीतले प्रथिन कुठल्याही माणसाच्या शरीरात कधीच नव्हते; मानवी होता तो त्यातला २६० अमिनो आम्लांचा क्रम.

सासूबाईंना हे कितपत पटले ते सांगता येत नाही, पण नंतर मी फ्रिजच्या दारातली त्यांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली काढून दाखवली तेव्हा त्या चकित झाल्या. काचबिंदूसाठी त्या रोज जे डॉर्झोलमाइड घालतात त्याचे काम नेमके ह्याच विकराला, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या ह्याच प्रथिनाला, अडवण्याचे आहे. डोळ्याच्या आत पाणी स्रवण्यासाठी बायकार्बोनेट लागते आणि ते बनवण्याचे काम कार्बॉनिक अनहायड्रेज करतो. विकर अडला की स्राव कमी होतो आणि डोळ्यातला दाब उतरतो. ज्या प्रथिनाची बाटली मी एवढ्या काळजीने गोठवून ठेवली होती त्याचा काटा काढणारे औषध लोणच्याच्या बरणीशेजारी गेली तीन वर्षे होते.

ह्या विकराचे काम सांगायला एक ओळ पुरते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी ह्यांच्यापासून तो बायकार्बोनेट आणि हायड्रोजन आयन तयार करतो, आणि गरज पडली तर हीच क्रिया उलट दिशेने घडवतो. ही क्रिया विकराशिवायही होते, पण रमतगमत होते. साध्या पाण्यात, खोलीच्या तापमानाला, विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्मा बदलायला वीसएक सेकंद जातात. फुप्फुसाच्या केशवाहिनीतून रक्त एका सेकंदाहून कमी वेळात पुढे सरकते, आणि शरीरातला बराचसा कार्बन डायऑक्साइड रक्तात बायकार्बोनेटच्या रूपाने वाहिला जात असल्याने तेवढ्या वेळात त्याचे पुन्हा वायूत रूपांतर होऊन तो बाहेर पडायला हवा. हा हिशोब जुळत नाही, म्हणजे रक्तात कोणीतरी घाई करणारे असले पाहिजे, असा तर्क केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि रॉटन ह्या दोघांनी लावला आणि १९३३ साली बैलाच्या रक्तातून त्यांनी तो घाई करणारा शोधून काढला. पुढे १९४० साली केलिन आणि मान ह्यांनी त्यात जस्त असल्याचे दाखवले. विकराच्या घडणीत जस्त सापडण्याची ती पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी त्याच दोघांना असेही आढळले की जंतुसंसर्गावर तेव्हा दिले जाणारे सल्फॅनिलअमाइड ह्या विकराला बंद पाडते, आणि सासूबाईंच्या थेंबांची वंशावळ तिथपर्यंत मागे नेता येते.

वेगाचा आकडा सांगितल्याशिवाय ह्या विकराची थोरवी कळत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या मानवी कार्बॉनिक अनहायड्रेजचा एक रेणू एका सेकंदात सुमारे दहा लाख कार्बन डायऑक्साइड रेणूंचे रूपांतर करतो. त्याच्या गाभ्यात पंधराएक अँगस्ट्रॉम खोल, नरसाळ्यासारखी एक खोबण आहे आणि तिच्या तळाशी जस्ताचा एकच आयन तीन हिस्टिडीनांनी धरून ठेवलेला आहे. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल आहे आणि त्याच्या टोकाला पाच अणूंचे एक वलय असते, त्या वलयाला इमिडाझोल म्हणतात. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या गोंधळाचा कर्ता तोच आहे. क्रमांक ९४, ९६ आणि ११९ ह्या जागांवरची तीन इमिडाझोल वलये जस्ताला तीन बाजूंनी धरतात. चौथ्या बाजूला पाण्याचा रेणू बसतो आणि जस्ताच्या ओढीमुळे त्याचा प्रोटॉन सहज सुटतो. सुटलेला प्रोटॉन खोबणीबाहेर नेऊन टाकण्याचे काम ६४ क्रमांकाच्या आणखी एका हिस्टिडीनकडे असते, आणि त्याचे वलय हा प्रोटॉन बाहेर सोडून पुन्हा आत वळते.

माणसात ह्या कुळातली पंधरा प्रथिने आहेत. त्यांतली बारा प्रत्यक्ष काम करतात. आठवे, दहावे आणि अकरावे ह्या तिघांजवळ जस्त धरणारे हिस्टिडीन पूर्ण नाहीत, त्यामुळे त्यांना कुळाचे नाव मिळाले तरी कुळाचा धंदा येत नाही. दुसरे तांबड्या रक्तपेशींत आणि मूत्रपिंडात असते, सहावे लाळेत, आणि नववे काही कर्करोगाच्या गाठींत प्राणवायू कमी पडलेल्या पेशींवर मोठ्या प्रमाणात दिसते. ज्या मुलांत ह्या दुसऱ्या प्रथिनाचा जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेला येतो त्यांची हाडे दगडासारखी घट्ट होतात, मूत्रपिंडे आम्ल बाहेर टाकू शकत नाहीत आणि मेंदूत कॅल्शियम साचते. ह्या तिन्ही लक्षणांमागचे कारण १९८३ साली उलगडले. माणसाबाहेरही हे कूळ पसरलेले आहे. पणजीच्या फोंताईन भागात किंवा जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपल्याचे जे पातळ, दुधी तुकडे बसवलेले दिसतात ते एका शिंपलीचे कवच असते, आणि असे कवच चढवताना मृदुकाय प्राणी बायकार्बोनेटसाठी ह्याच विकराच्या नातलगांचा आधार घेतात. जेवणातल्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, टरफलांकडे मी आता त्याच नजरेने पाहते, आणि घरातले सगळे मला हसतात.

आता मूळ हकीकतीकडे. आमच्या कामाला हा विकर मिलिग्रॅमच्या मापाने लागणार होता, कारण गोव्यातल्या काही वनस्पतींच्या अर्कांत त्याला अडवणारे काही सापडते का हे आम्हाला पाहायचे होते. विकतचे प्रथिन त्या प्रमाणात घेणे आमच्या खिशाला झेपणारे नव्हते. म्हणून विकतची बाटली मापदंड म्हणून ठेवायची आणि रोजचे प्रथिन आपण घरीच बनवायचे असे ठरले. ह्या विकराच्या बाबतीत हे शहाणपणाचे आहे, कारण तो जिवाणूत बनवायला फार सोयीचा आहे. त्याला साखरेच्या साखळ्या जोडाव्या लागत नाहीत, गंधकाचे पूल बांधावे लागत नाहीत, आणि तो पाण्यात सुखाने विरघळतो. कुळातले नववे प्रथिन पेशीच्या पटलावर बसणारे आणि साखरेने मढलेले असल्याने ते पूर्ण रूपात हवे असेल तर सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे जावे लागते आणि खर्च भलताच वाढतो. सूचीपत्रात एकाच कुळातल्या दोन प्रथिनांच्या किमतींत जमीनअस्मानाचे अंतर दिसते त्याचे कारण बहुधा हेच असते.

हे काम सत्तरी तालुक्यातून रोज बसने येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीकडे होते. तिने जिवाणू वाढवले, ते पुरेसे गढूळ झाल्यावर प्रथिन बनवायला सुरुवात करून देणारे रसायन घातले, दुसऱ्या दिवशी पेशी गोळा करून फोडल्या आणि गाळलेला रस निकेलच्या कॉलममधून, म्हणजे निकेल धरलेल्या कणांनी भरलेल्या नळीतून, सोडला. ह्या कॉलमची युक्ती अशी, की प्रथिनाच्या एका टोकाला मुद्दाम सहा हिस्टिडीनांची शेपटी जोडलेली असते. त्या शेपटीतली इमिडाझोल वलये निकेलला धरतात आणि जिवाणूची बाकीची शेकडो प्रथिने वाहून जातात. मग धरून बसलेले प्रथिन सोडवायचे असते तेव्हा कॉलममधून सुट्या इमिडाझोलचे दाट द्रावण ओततात. सुटी वलये निकेलवरच्या जागा बळकावतात आणि शेपटीवाले प्रथिन हात सोडून खाली उतरते. उतरलेले द्रावण एकेक मिलिलिटर वेगवेगळ्या नळ्यांत घेतात, आणि त्या नळ्यांना आम्ही फ्रॅक्शन म्हणतो.

प्रथिन काम करते आहे की नाही हे तपासण्याची सोपी रीत रंगाची आहे. पॅरा-नायट्रोफिनाइल अॅसिटेट नावाचे एक रंगहीन एस्टर आहे. ते तुटले की पिवळा नायट्रोफिनॉल सुटतो. कार्बॉनिक अनहायड्रेजचे हे निसर्गदत्त काम नव्हे, पण पाण्याचा प्रोटॉन सुटल्यावर जस्तावर उरलेला हायड्रॉक्साइड ह्या एस्टरवरही हात चालवतो, जरा सावकाश. पिवळेपणा किती वेगाने चढतो ते स्पेक्ट्रोफोटोमीटर मोजतो. विद्यार्थिनीने सहा फ्रॅक्शनमधून एकेक थेंबभर घेऊन क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या पारदर्शक कुपीत) घातले आणि एस्टर सोडले. मी शेजारच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होते. ती धावत आली आणि म्हणाली, ''मॅडम, बघायला या, मिनिटभरात पिवळे झाले!''

खरोखरच झाले होते. पिकलेल्या केळ्याच्या सालीसारखा स्वच्छ पिवळा रंग, आणि यंत्रावरची रेघ तिरपी वर चढत चाललेली. पहिल्या फ्रॅक्शनमध्ये रंग फिका होता आणि दुसऱ्यापासून पुढे गडद. तुलनेसाठी ठेवलेले, प्रथिन न घातलेले बफरचे ब्लँक रंगहीन राहिले होते, म्हणजे रंग फ्रॅक्शनमधूनच येत होता. त्या संध्याकाळी बाहेर धो धो पाऊस होता, मध्येच वीज गेली, आणि आम्ही दोघी मेणबत्तीच्या उजेडात क्युव्हेट धरून हसत होतो. दुसऱ्या दिवशी तिने हिशोब केला आणि आमचे प्रथिन विकतच्या प्रथिनाहून कितीतरी पट अधिक चपळ ठरले. ह्यावर मी थांबायला हवे होते. विकतच्या मालाहून आपला माल पाच पट चांगला निघाला म्हणजे एकतर आपण फार हुशार आहोत किंवा मोजण्यात काहीतरी चुकले आहे, आणि ह्या दोहोंपैकी पहिल्या शक्यतेला मी जरा जास्त वेळ दिला. मनात असेही आले की गोदामातल्या उकाड्याने विकतचे प्रथिन अर्धे मेले असणार. दोष कुरिअरवर गेला की आपल्या आकड्याला शोभाच येते.

तिसऱ्या दिवशी जेल, म्हणजे प्रथिने वजनानुसार पट्ट्यांत वेगळी करून दाखवणारा थर, आले. सहाही फ्रॅक्शन जेलवर एकमेकांशेजारी धावले होते, आणि कडेला वजनांची शिडी म्हणून वापरतात त्या प्रथिनांचे पट्टे होते. त्या शिडीतला २९ किलोडाल्टनचा पट्टा स्वतःच गाईच्या कार्बॉनिक अनहायड्रेजचा असतो, त्यामुळे आमचे प्रथिन आपल्या चुलत भावाशेजारी उभे राहून ओळख पटवते. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रॅक्शनमध्ये त्या उंचीवर जाड, निळा पट्टा होता. चौथ्यात तो विरळ झाला होता. पाचव्यात जेमतेम सावली, आणि सहाव्यात काहीच नाही. विद्यार्थिनीने जेल पांढऱ्या दिव्याच्या पेटीवर ठेवून बराच वेळ सहाव्या ओळीकडे पाहिले, मग वही उघडली आणि बोट ठेवून दाखवले. रंगाच्या तक्त्यात सहावे फ्रॅक्शन दुसऱ्याच्या जवळपास तेवढेच पिवळे झाले होते.

ज्या नळीत प्रथिनच नाही ती पिवळी होत होती. त्या क्षणी जो थंडपणा पाठीतून उतरतो तो प्रयोगशाळेत काम केलेल्यांना सांगायला नको. आम्ही पुन्हा सगळे मांडले आणि ह्या वेळी दोन गोष्टी वाढवल्या. पहिली म्हणजे अॅसिटाझोलमाइड, हे ह्या विकराला फार घट्ट धरून बंद पाडणारे जुने औषध, लडाखला जाणारे लोक उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात तेच. (ती गोळी घेऊन सोडा प्यायला तर तो बेचव लागतो, कारण सोड्याचा जिभेवरचा चुरचुरीतपणासुद्धा ह्याच कुळातल्या एका विकरामुळे जाणवतो; उर्राकात लिंबूसोडा घालणाऱ्या आमच्या मंडळींनी लडाखमध्ये हे करून पाहावे.) दुसरी गोष्ट म्हणजे खरे ब्लँक. आधीचे ब्लँक साध्या बफरचे होते. आता आम्ही कॉलममधून प्रथिन उतरवायला वापरलेले, इमिडाझोलसकटचे कोरे द्रावण घेतले, ज्यात प्रथिनाचा कण नव्हता.

ते द्रावण मिनिटभरात पिवळे झाले. दुसऱ्या फ्रॅक्शनमध्ये अॅसिटाझोलमाइड घातले तर रंग किंचित मंदावला, पण थांबला नाही. विकतच्या प्रथिनात घातले तेव्हा रेघ जागच्या जागी आडवी झाली. कोमट पाण्याच्या पिशव्यांतून आलेली ती बाटली पहिल्यापासून खरे बोलत होती.

कारण पुस्तकात आहे आणि जुने आहे. इमिडाझोल स्वतःच असे एस्टर तोडते हे रसायनशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकातच नीट मोजून ठेवले होते, कारण अनेक विकरांच्या गाभ्यात हिस्टिडीन का आढळते ह्याचे ते एक उत्तर होते. माझ्या पदव्युत्तर वर्गात मी ते दरवर्षी शिकवते. फळ्यावर शिकवते तेव्हा ते विकरांच्या क्रियेचे प्रकरण असते, आणि कॉलमशी उभी असते तेव्हा इमिडाझोल म्हणजे प्रथिन उतरवायला लागणारे एक पांढरे चूर्ण असते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असूनही त्यांची गाठ पडली नव्हती. हिशोब केला तर आकडेही साधे आहेत. कॉलमचे द्रावण २५० मिलिमोलरचे होते, क्युव्हेटमध्ये ते दहापट पातळ झाले तरी २५ मिलिमोलर इमिडाझोल उरले, आणि विकर मात्र जेमतेम एक मायक्रोमोलर होता. एका विकराच्या रेणूमागे पंचवीस हजार सुटी वलये. एस्टर तोडण्यात विकराचा एक रेणू वलयापेक्षा हजारो पटींनी सरस असला तरी एवढ्या गर्दीपुढे त्याचे काही चालत नाही.

ह्या प्रसंगातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट ही, की पाहावे तिथे तेच वलय होते. जस्ताला धरणारी तीन वलये तीच, प्रोटॉन बाहेर नेणारे चौथे तेच, निकेलला चिकटणाऱ्या शेपटीत तेच, प्रथिनाला निकेलवरून हुसकावणाऱ्या द्रावणात तेच, आणि शेवटी आम्हाला पिवळा रंग दाखवून फसवणारेही तेच. शिवाय ह्या प्रथिनाच्या सुरुवातीलाच तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या, पंधराव्या आणि सतराव्या जागी निसर्गाने हिस्टिडीन ठेवलेले आहेत, त्यामुळे शेपटी न जोडतासुद्धा ते निकेलला थोडेफार चिकटते. म्हाळाच्या यादीत एकाच आडनावाची माणसे निघावीत तसा हा प्रकार झाला.

दुरुस्ती सोपी होती. फ्रॅक्शन दोन आणि तीन एकत्र करून पातळ पडद्याच्या पिशवीत भरले आणि ती पिशवी मोठ्या चंबूतल्या थंड बफरमध्ये रात्रभर तरंगत ठेवली, म्हणजे लहान इमिडाझोल छिद्रांतून निघून जाते आणि मोठे प्रथिन आत राहते. ह्याला आम्हीही डायलिसिसच म्हणतो, आणि विद्यार्थिनीने घरी फोनवर ''आज रात्री डायलिसिस आहे'' असे सांगितल्यावर तिच्या आईची जी धांदल उडाली ती निस्तरायला मला बोलावे लागले. सकाळी बफर तीनदा बदलून पुन्हा रंग पाहिला. आता अॅसिटाझोलमाइड घातले की रेघ आडवी होत होती, म्हणजे जो काही रंग येत होता तो विकराचाच होता. पण वेग फारच कमी होता, विकतच्या प्रथिनाच्या जेमतेम चौथा हिस्सा. पाच पटींवरून पाव पटीवर आलो.

ह्यामागचे कारण आमच्याच घाईत होते. जिवाणू वाढवताना त्यांच्या खाद्यात जस्ताचे क्षार घालायला आम्ही विसरलो होतो. मानवी प्रथिन जिवाणूने भरभरून बनवले, पण प्रत्येक रेणूला पुरेल इतके जस्त त्याच्यापाशी नव्हते, त्यामुळे बरेचसे रेणू आकाराने अचूक आणि गाभ्यात रिकामे असे तयार झाले होते. जेलवर अशा रिकाम्या रेणूचा पट्टा भरलेल्या रेणूसारखाच दिसतो. आम्ही शुद्ध प्रथिनात थोडे झिंक सल्फेट घातले, तासभर ठेवले, जादा जस्त डायलिसिसने काढून टाकले आणि वेग विकतच्या प्रथिनाच्या बरोबरीला येऊन पोहोचला. हे प्रथिन जस्ताला इतके घट्ट धरते, की एकदा आत बसलेले जस्त धुऊन जाण्याची चिंता करावी लागत नाही. पुढच्या खेपेपासून प्रथिन बनवायला सुरुवात करून देतानाच जस्त घालायचे असे वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिले आहे.

आणखी एक खात्री करायची राहिली होती. ई. कोलायमध्ये त्याचा स्वतःचा कार्बॉनिक अनहायड्रेज असतो. तोही जस्तावर चालतो आणि तेच काम करतो, पण त्याची घडण पूर्णपणे वेगळी आहे; आपल्या विकराशी त्याचे रक्ताचे नाते नाही, निसर्गाने तो स्वतंत्रपणे पुन्हा एकदा शोधून काढलेला आहे. तो आमच्या प्रथिनासोबत उतरला असता तर पुन्हा कोणाचे श्रेय कोणाला जाते हा प्रश्न आला असता. म्हणून मानवी जनुक नसलेले रिकामे प्लाझ्मिड घातलेल्या जिवाणूंचा रस आम्ही त्याच कॉलममधून, त्याच रीतीने उतरवून पाहिला. त्यात डायलिसिसनंतर रंग आला नाही. शिवाय बर्फात ठेवलेल्या बफरमध्ये आम्लात पिवळा होणारा निळा ब्रोमोथायमॉल घालून त्यात थंड सोडावॉटर ओतण्याची जुनी रीतही करून पाहिली. विकराशिवाय निळ्याचा पिवळा व्हायला मिनिटाहून अधिक वेळ लागला आणि आमचे प्रथिन घातल्यावर घड्याळाचे बटण दाबेपर्यंत तो होऊन गेला. सोडा कोपऱ्यावरच्या गाड्यावरून आणला होता, आणि गाडेवाल्याने एवढ्या सकाळी सोडा कशाला म्हणून आमच्याकडे जरा संशयानेच पाहिले.

ह्या प्रकारानंतर मी सूचीपत्रे निराळ्या तऱ्हेने वाचू लागले आहे. 'शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक' ह्या ओळीचा अर्थ जेलवर दुसरे पट्टे दिसत नाहीत एवढाच असतो. रेणूंच्या पोटात जस्त आहे की नाही हे ती ओळ सांगत नाही, आणि द्रावणात प्रथिनाखेरीज काय आहे हेही सांगत नाही. ते शोधायला बफरची बारीक अक्षरातली ओळ वाचावी लागते. काही कंपन्या माल बुरसू नये म्हणून सोडियम अझाइड घालतात, आणि अझाइड हा ह्या विकराच्या जस्तावर जाऊन बसणारा आयन आहे, म्हणजे माल टिकवायला घातलेली वस्तू मालाचे काम अडवते. काही जण बाटलीला चिकटून नाश होऊ नये म्हणून गाईचे अल्ब्युमिन मिसळतात, आणि त्या अल्ब्युमिनलाही हे एस्टर थोडेफार तोडता येते. सक्रियतेचा आकडा दिला असेल तर तो कार्बन डायऑक्साइडवर मोजला आहे की एस्टरवर, हे पाहिल्याशिवाय दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करू नये. 'फक्त संशोधनासाठी' हा शिक्का मात्र शब्दशः घ्यावा. असे प्रथिन कोणाच्या शरीरात घालण्यायोग्य तपासलेले नसते, आणि जिवाणूच्या कवचाचे विषारी अवशेष त्यात किती आहेत ह्याची हमी प्रत्येक बाटलीवर नसते.

वनस्पतींच्या अर्कांचे काम आता सुरू झाले आहे. त्यातही तोच पेच निराळ्या रूपात आलाच, कारण हळदीसारख्या कित्येक अर्कांचा रंग मुळातच पिवळा असतो. त्यामुळे प्रत्येक अर्कासाठी विकर नसलेले एक क्युव्हेट आणि अॅसिटाझोलमाइड घातलेले दुसरे, अशी दोन क्युव्हेट बाजूला ठेवल्याखेरीज माझी विद्यार्थिनी आता यंत्राचे झाकण लावत नाही. सहावे फ्रॅक्शन तिने टाकलेले नाही. ते अजून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात आहे, आणि त्याच्यावर तिच्या अक्षरात तारीख घालून लिहिले आहे: प्रथिन नाही, तरी पिवळे.